मामांनी पास केलेलं हॉटेल

उपाशी माणसाला आणखी दोन तास उपाशी ठेवून वर त्याच्याकडूनच आभार मानून घेण्याची ताकद अख्ख्या बंगळुरात एकाच माणसाकडे आहे, आणि ते माझ्या बायकोचे सख्खे मामा आहेत. हे मी ऐकीव सांगत नाही, स्वतःच्या पोटाने सोसलेलं सांगतो. मी राहणारा पुण्याचा. आमच्या कंपनीचं एक मोठं गिऱ्हाईक मारतहळ्ळीच्या बाजूला आहे, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी माझी तिकडे फेरी होते, आणि कंपनीचं गेस्ट हाउस आहे इंदिरानगरात. इंदिरानगरात हॉटेलांना तोटा नाही. तोटा आहे तो मधल्या हॉटेलांचा. एका टोकाला अशी ठिकाणं, की जिथे दोघं जेवले तर घरचा महिन्याचा किराणा आठवावा. दुसऱ्या टोकाला उभ्याने इडली गिळून निघायचं. पंखा डोक्यावर, खुर्चीला पाठ, ताटात पोटभर अन्न आणि बिल बघून बायकोशी खोटं बोलायची पाळी नाही, एवढीच माझी अपेक्षा. पहिल्या खेपेला निघताना बायको म्हणाली, "मामा तिथेच राहतात. जेवणाचं त्यांना विचारा." ती हे सहज म्हणाली, आणि मीही सहज विचारलं.

मामांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून बंगळुरात गेलेलं. "आमचे लोक घोड्यावरून आले की. घोडी बांधायला जागा मिळाली म्हणून राहिले. आज आले असते तर पार्किंग नाही म्हणून परत गेले असते," असं ते सांगतात. त्यांच्या मराठीत कानडी शब्द मीठ पडावं तसे पडलेले असतात, आणि जावयाला ते कटाक्षाने 'तुम्ही' म्हणतात, मग जावई त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान का असेना. नोकरी त्यांनी एका सरकारी कारखान्यात केली, तीही तपासणी खात्यात. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, आणि 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' असा शिक्का मारायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्तीनंतर शिक्का कारखान्यात राहिला, पण हात काही थांबला नाही. आंबे, चपला, डॉक्टर, कीर्तनकार, सगळ्यांची तपासणी चालू. आमच्या लग्नात मला अक्षता टाकून झाल्यावर ते मामींना म्हणाले होते, "चालेल." बायकोचं म्हणणं असं, की मामांच्या तोंडून याहून मोठी स्तुती तिने आजवर ऐकलेली नाही. मी अजून तिच्यावर विश्वास ठेवून आहे.

तर त्या पहिल्या खेपेला मी फोन करून म्हटलं, "मामा, जवळपास एखादं बरंसं हॉटेल सांगा, फार महाग नको." पलीकडून उत्तर आलं, "सांगतात कुठे जावई? दाखवायला पाहिजे. स्वल्प थांबा, आलो." आणि पाच मिनिटांत मामा गेस्ट हाउसच्या दारात. पांढरा बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्री. आम्ही पहिल्या हॉटेलात शिरलो. वाढप्याने टेबल पुसलं, मी खुर्ची ओढली, तोवर मामा सरळ आत मोरीपाशी गेले आणि मलाही बोलावून घेतलं. आम्ही दोघांनी हात धुतले. मामांनी साबण हुंगला, नळ पिळून बघितला, बेसिनखाली वाकले, आणि वाढप्याला नमस्कार करून बाहेर. दुसऱ्या हॉटेलातही हात धुतले. तिसऱ्यातही. चौथ्याला मी म्हणालो, "मामा, हात आता स्वच्छ आहेत." ते म्हणाले, "हात नाही हो बघत. जो माणूस गिऱ्हाईकाला दिसणारी मोरी घाण ठेवतो, तो न दिसणारी कशी ठेवत असेल?" मला तेव्हा फक्त भूक कळत होती. त्या संध्याकाळी मी इंदिरानगरातल्या निम्म्या मोऱ्या बघितल्या आणि शेवटी एका कोपऱ्यावर उभ्याने डोसा खाल्ला. मामांनी पोचवायला येऊन वर विचारलं, "बघा, कसं सगळं समजलं की नाही तुम्हाला?" मी आभार मानले. मानावेच लागले.

फोनवर लोक हॉटेलांबद्दल जे लिहितात, ते मामा वाचत नाहीत. त्यांचं म्हणणं, ज्याचं पोट नीट भरलं तो माणूस गप्प असतो. जो टाइप करत बसलाय त्याचं काहीतरी राहिलेलं आहे. त्यांचा भरवसा बाहेर पडणाऱ्या माणसांवर. हॉटेलसमोरच्या झाडाखाली छत्री टेकून ते उभे राहतात आणि लोकांचे चेहरे बघतात. जेवून बाहेर येऊन माणसं फाटकाशी रेंगाळली, शर्टाची खालची गुंडी चाचपली, उगाच हसली, तर हॉटेल चांगलं. बाहेर पाऊल टाकता टाकता गाडी बोलवायला लागली, तर नाही. अगदीच शंका राहिली तर विचारायचं, पण 'कसं होतं' असं नाही, कारण त्याला सगळे 'छान' म्हणतात. विचारायचं, "परत येणार का?" एकदा त्यांनी एका तरुण जोडप्याला असंच थांबवून विचारलं. मुलगा गोंधळला. मुलगी मात्र ठाम होती. ती म्हणाली, "जेवायला येईन अंकल. याच्याबरोबर नाही." मुलगा फाटकापाशी खांबासारखा उभा. मामा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "किचन पास." त्या मुलाचं पुढे काय झालं माहीत नाही, पण आम्ही त्या रात्री फारच उत्तम बिर्याणी खाल्ली.

मेन्यूकार्डाची तपासणी वेगळी. कार्ड जाड असलं की मामांच्या कपाळाला आठी. "पिझ्झा, नूडल्स, पनीर, बिसी बेळे भात, सगळं एका घरात नांदतंय म्हणजे आत स्वयंपाकी नाही, फ्रीज आहे." मग ऑर्डर द्यायची ती सगळ्यांत साध्या पदार्थाची. सार किंवा दहीभात. वाढप्याने 'सर, आमची स्पेशल डिश' असं म्हटलं की मामा त्याच्याकडे अशा करुणेने बघतात, की तो बिचारा आपोआप पाणी आणायला जातो. आणि हे सगळे उंबरे ओलांडून एखादं हॉटेल पास झालंच, तर मात्र मामांसारखा यजमान नाही. शिंप्याच्या दुकानावर जिना चढून गेलं की एक आंध्र पद्धतीचं जेवण देणारी खानावळ होती. तिथे त्यांनी मला नेलं तेव्हा स्वतःचं ताट तसंच ठेवून ते माझ्या पहिल्या घासाकडे बघत बसले होते. मी डोळे मिटले, मान हलवली. तेव्हा कुठे त्यांनी भातात तूप घातलं. बंगळुरात कामाला, परीक्षेला, दवाखान्याला कुणीही नातेवाईक येवो, किंवा नातेवाइकाचा शेजारी येवो, मामा त्याला असं एक तरी ठिकाण दाखवल्याशिवाय परत जाऊ देत नसत. माझ्या ऑफिसात मी 'बंगळुरात कुठे जेवायचं' यातला जाणकार समजला जातो. ती सगळी उधारीची कीर्ती आहे.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. मामांचं स्वतःचं घर इंदिरानगरातच, आतल्या एका गल्लीत. त्यांनी प्लॉट घेतला तेव्हा तिथे संध्याकाळी बेडकांचा आवाज यायचा म्हणे. आता दोन्ही बाजूंची घरं हॉटेलं झाली होती. एका बाजूला बिअर गाळणारी जागा, दुसऱ्या बाजूला केकवाले, आणि समोरच्या बंगल्यात असं काहीतरी, की जिथे लोक काळोखात बसून जेवत. रात्री संगीत सुरू झालं की मामींच्या फडताळातल्या वाट्या थरथरायच्या. फाटकासमोर कुणाची तरी गाडी कायमची. एकदा मामींच्या छातीत दुखायला लागलं आणि रिक्षा दारापर्यंत येऊ शकली नाही, त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत चालवत न्यावं लागलं. दुखणं साधं पित्ताचं निघालं, पण त्या दिवसापासून मामींनी मनाने ते घर सोडलं. मुलगा बेळ्ळंदूरला एका उंच इमारतीत राहतो. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा होता. तो म्हणाला, "अप्पा, तुम्ही दोघं इथे या. घर हॉटेलवाल्यांना भाड्याने देऊ. रांग लागेल." रांग खरंच लागली.

मामा 'नाही' म्हणाले नाहीत. ते फक्त म्हणाले, "सरी, ठीक आहे. पण देईन तर चांगल्या हॉटेलला देईन." एवढं बोलून त्यांनी तपासणी सुरू केली, आणि आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की आता हे घर काही रिकामं होत नाही. जो येईल तो रिजेक्ट. एकाचं मेन्यूकार्ड जाड. एकाच्या आधीच्या हॉटेलातला साबण पाणी घालून वाढवलेला. एकाला दहीभात म्हणजे काय हेच नीट सांगता आलं नाही. मी एकदा तिथे होतो तेव्हा एक तरतरीत तरुण लॅपटॉप घेऊन आला होता. त्याने मामांच्या बैठकीच्या खोलीचं चित्र दाखवलं. त्यात खोलीला भिंतीच नव्हत्या. मामांनी विचारलं, "जेवायला काय देणार?" तो म्हणाला, "स्मॉल प्लेट्स, सर." "आणि पोट कशाने भरायचं?" "सर, लोक एक्सपिरिअन्ससाठी येतात." मामा अगदी प्रेमाने म्हणाले, "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" मुलगा सज्जन होता, खरं बोलला. "आई डबा देते, सर." मामांनी त्याला कॉफी पाजली, आईला नमस्कार सांगायला सांगितलं आणि पोचवून आले. त्याने देऊ केलेलं भाडं सगळ्यांत जास्त होतं. हे फोनवर ऐकून मामांच्या मुलाने डोक्याला हात लावला असावा. मग तो एवढंच म्हणाला, "अप्पा, भाडेकरू बघा ना, त्याचा स्वयंपाक कशाला बघता?"

मामी त्या रात्री मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "जावई, ह्यांना हॉटेल नको आहे, हे तुम्हालाही कळतंय आणि मलाही. ह्यांना घर सोडायचं नाही. पण तसं म्हणायला तोंड होत नाही, माझ्याकडे बघून." त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाहेर ढोल वाजल्यासारखं संगीत चालू होतं आणि त्या एका हाताने वाट्या धरून ठेवत होत्या. मला त्या क्षणी दोघांचीही दया आली, आणि कुणाच्या बाजूने बोलावं ते कळेना.

मग एक दिवस कुंदापूरकडची एक बाई आपल्या भावाला घेऊन आली. दोमलूरला त्यांची एक चिंचोळी खानावळ होती, बसायला जागा अपुरी पडत होती. बाई पन्नाशीची, कपाळाला मोठं कुंकू, बोलणं मोजकं. मामांनी नेहमीप्रमाणे जाऊन मोरी बघितली. काही सापडलं नाही. कार्ड बघितलं, एक पानाचं. खानावळीबाहेर उभे राहिले. लोक तृप्त होऊन रेंगाळत होते. तेव्हा मामांनी शेवटचा डाव टाकला. म्हणाले, "अक्का, माझ्या घरात चूल कशी पेटते ते बघायला पाहिजे. आमच्याच स्वयंपाकघरात एकदा करून दाखवा." अशी अट आजवर कुठल्या घरमालकाने घातली नसेल. त्यांना वाटलं, बाई चिडून निघून जाईल. पण रविवारी सकाळी अक्का बांगडे, नारळ आणि आपला पाटा घेऊन हजर झाली. मामी आधी खोलीत जाऊन बसल्या, कारण स्वतःच्या ओट्याशी दुसरी बाई बघणं त्यांना जड जात होतं. तासाभरात धणे-मिरीचा वास आला, तेव्हा मामी आपण होऊन बाहेर आल्या आणि नारळ खवायला बसल्या.

मी त्या जेवणाला होतो. नीरडोसे, बांगड्याचं कालवण, भात, आणि शेवटी कोकमाची कढी. मामा जेवायला बसले ते परीक्षकाच्या थाटात, पाठ ताठ. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मामांचा मुलगा आणि मी घास घ्यायचे विसरलो. मामी वाढत होत्या. थोड्या वेळाने ताटाकडेच बघत मामा म्हणाले, "स्वल्प भात." मामींच्या हातातला डाव तसाच थांबला. पन्नास वर्षांच्या संसारात मामांनी हॉटेलवाल्याच्या हातचा भात दुसऱ्यांदा मागून घेतला नव्हता, असं मामींनी मला नंतर सांगितलं. त्यांनी भात वाढला, त्यावर कालवण घातलं, आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या. अक्काला वाटलं तिखट झालं. मामांना खोटं बोलता आलं असतं. 'मीठ जरा कमी' एवढं म्हणाले असते तरी घर वाचलं असतं. पण आयुष्यभर ज्या हाताने चांगल्या मालावर कधी रिजेक्टचा शिक्का मारला नाही, तो हात या वयात कसा मारणार? ताट पुसून घेऊन ते उठले आणि म्हणाले, "चेन्नागिदे, अक्का, छान झालंय. कधी यायचंय तुम्हाला?"

बेळ्ळंदूरला मामी रमल्या. लिफ्ट, बाग, खाली भाजीवाला, आणि रात्री वाट्या जागच्या जागी. मामांचं मात्र सगळं अवघड. तिथे कुणी हॉटेल शोधायला निघतच नाही, जेवण बंद डब्यात वर येतं. मामा सुरुवातीला सोसायटीच्या फाटकाशी उभे राहून डबे आणणाऱ्या पोरांना विचारायचे, कुठून आणलंस, तिथली मोरी कशी आहे. पोरं घाईत. शेवटी सुरक्षारक्षकाने नम्रपणे खुर्ची दिली आणि आत बसायला सांगितलं. फोनवर मला म्हणायचे, "इथं कुणी उपाशी येतच नाही हो जावई."

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा म्हटलं, "मामा, अक्काकडे जेवायला जाऊ." मामींनी येण्याचं टाळलं, म्हणाल्या, "माझ्या ओट्यावर काय चाललंय ते न बघितलेलं बरं." आम्ही दोघेच गेलो. रविवारची दुपार, फाटकाबाहेर माणसांची गर्दी. एका नव्या वाढप्याने मामांचं नाव विचारलं आणि सांगितलं, अर्धा तास लागेल, बाहेर बसा. मी पुढे होऊन काही बोलणार, तोच मामांनी माझा हात दाबला. ज्या फाटकाला त्यांनी दर दिवाळीला स्वतः रंग दिला होता, त्याच्याबाहेर ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि कौतुकाने गर्दीकडे बघत राहिले. "बघितलंत? थांबायला तयार आहेत लोक," ते म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. नंबर लागला. आमचं टेबल नेमकं त्यांच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीशी आलं. जेवण पहिल्या दिवसाइतकंच चांगलं होतं. मामा पोटभर जेवले. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी पोरांना आधी सार प्या, मग डोसे मागवा, असं सांगूनही झालं.

मी बिल देत होतो तेवढ्यात मामा उठले आणि दाराकडे न जाता उलट्या दिशेला, जिन्याकडे चालू लागले. जेवलेला माणूस चालतो तसे, सावकाश, कसलाही विचार नसल्यासारखे. कठड्याला हात लावून दोन पायऱ्या चढलेसुद्धा. दुपारचं जेवण झालं की वरच्या खोलीत जाऊन घटकाभर आडवं व्हायचं, ही त्यांची त्या घरातली सगळ्या वर्षांची सवय. वाढपी धावत आला. "सर, एग्झिट या बाजूला." मामा थांबले. त्यांनी वर बघितलं, मग खाली माझ्याकडे. "हो की," ते म्हणाले, "विसरलोच." गल्ल्यावरून अक्काने हे बघितलं होतं. ती उठून आली आणि कानडीत म्हणाली, वर सामान आहे पण एक चटई टाकते, थोडं पडा, मग जा. मामांनी मान हलवली. "बेडा अक्का, नको. लोक थांबलेत बाहेर," म्हणाले, आणि कठडा सोडून उतरले.

बेळ्ळंदूरला परत जाताना रिंग रोडवर नेहमीसारखी गाड्यांची गर्दी होती आणि टॅक्सी जागची हलत नव्हती. मामा काही वेळ खिडकीबाहेर बघत होते, मग त्यांची मान हळूहळू कलली आणि माझ्या खांद्यावर येऊन टेकली. ड्रायव्हर वैतागून हॉर्नवर हात ठेवणार, तेवढ्यात मी त्याला खुणेने थांबवलं. माझं विमान संध्याकाळचं होतं आणि उशीर होत होता, तरीही पुढचा रस्ता इतक्यात मोकळा होऊ नये असंच मला वाटत राहिलं.